दुकानासाठी सर्व्हर घेताय? किंमत नंतर, आधी त्याची 'शेवटची तारीख' बघा

समजा, देगलूरच्या मोंढ्यात एक आडत दुकान आहे. सोयाबीनचा हंगाम जोरात सुरू आहे. बाहेर काट्यावर पोती चढतायत, आत मुनीम हिशोबपट्ट्या काढतोय, समोर शेतकरी पैशांची वाट बघत बसलेत. आणि कोपऱ्यातला तो कॉम्प्युटर, ज्याला दुकानातली सगळी पोरं 'सर्व्हर' म्हणतात, तो अचानक एक लाल पडदा दाखवतो. तुमच्या सगळ्या फायली कुलूपबंद केल्यात, हव्या असतील तर पैसे भरा.

मालक कॉम्प्युटरवाल्याला फोन लावतात. तो विचारतो, "मालक, विंडोज कोणती होती? शेवटचा अपडेट कधी मारला होता?"

बहुतेक दुकानांत या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नसतं. मशीन घेताना रॅम किती, हार्ड डिस्क किती, किंमत किती हे सगळं विचारलेलं असतं. फक्त एक गोष्ट विचारायची राहून जाते. याच्यावर जी सिस्टीम टाकलीय, तिला कंपनी किती साल सांभाळणार आहे?

याच प्रश्नाला कॉम्प्युटरच्या भाषेत 'लाँग टर्म सपोर्ट' म्हणतात. छोट्या धंद्यासाठी सर्व्हर निवडताना हा शब्द एवढा महत्त्वाचा का आहे, ते एकेक करून समजून घेऊ.

सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

सर्व्हर म्हटलं की मोठ्या खोलीत लुकलुकणारे दिवे डोळ्यासमोर येतात. पण गोष्ट साधी आहे. ज्या एका मशीनवर सगळ्यांचा डेटा राहतो आणि बाकीचे कॉम्प्युटर जिच्याकडून तो मागून घेतात, ती मशीन म्हणजे सर्व्हर. काउंटरवर बिल करणारा, गोदामात स्टॉक बघणारा आणि आत बसून जीएसटीचा हिशोब करणारा, असे तिघं एकाच डेटावर काम करत असतील, तर तुमच्याकडे सर्व्हर आहे. मग तो साधा डेस्कटॉप का असेना.

या मशीनवर जी मूळ सिस्टीम चालते ती म्हणजे प्लॅटफॉर्म. विंडोज सर्व्हर, उबुंटू, डेबियन, रेड हॅट ही त्यातली ठळक नावं. शेवटची तिन्ही लिनक्सच्या घरातली.

आणि 'सपोर्ट' म्हणजे?

कृषी केंद्रात बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी ती उलटी करून बघतो. उगवणक्षमतेची चाचणी कधीची, वैध कधीपर्यंत. सिस्टीमलाही अशीच तारीख असते. फरक एवढाच की ती पिशवीवर छापलेली नसते आणि तारीख उलटली तरी मशीन चालूच राहते. खरा धोका इथेच आहे.

कुठलीही सिस्टीम बाजारात आली की तिच्यातल्या चुका हळूहळू सापडत जातात. चोरांना सापडतात, तशा कंपनीलाही सापडतात. कंपनी दुरुस्ती बनवून पाठवते, तिलाच आपण अपडेट म्हणतो. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट देते. सपोर्ट संपला की हे अपडेट बंद होतात. चुका सापडणं मात्र बंद होत नाही. म्हणजे दाराची कडी तुटलीय हे चोराला कळतं, पण सुतार काही येत नाही.

महाराष्ट्रानं हे कधी अनुभवलंय का?

हो, तेही देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या बंदरांपैकी एकावर.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधली एक गंभीर चूक दुरुस्त करणारा अपडेट दिला. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो याच चुकीतून. अपडेट येऊन जवळपास दोन महिने झाले होते. ज्यांनी तो मारला होता ते वाचले. विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांना तर तो मिळालाच नव्हता, कारण एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता. हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी खास अपडेट काढावा लागला.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' आला. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. तिथून तो मेर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि थेट नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरापर्यंत पोहोचला. तिथलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे मेर्स्क समूहातल्या कंपनीकडून चालवलं जाणारं टर्मिनल ठप्प झालं. चार दिवसांनी, १ जुलैला देशात जीएसटी लागू होणार होता आणि इकडे कंटेनर अडकून पडले होते.

मेर्स्कनं नंतर सांगितलं की त्यांना सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले. 'वायर्ड' मासिकाच्या २०१८ मधल्या वृत्तांतानुसार कंपनीच्या एका कळीच्या सर्व्हरची शाबूत प्रत फक्त घाना देशातल्या ऑफिसात सापडली. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती!

लाइट जाण्याचा असा फायदा प्रत्येकाच्या नशिबात नसतो. यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पहिली, अपडेट मिळणारी सिस्टीम हवीच. दुसरी, नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर अपडेट मारलेल्या मशीनवरही पसरत होता, म्हणून नेटवर्कपासून तोडून ठेवलेला बॅकअपही हवाच.

कुणाचा सपोर्ट कधीपर्यंत?

आता मुख्य मुद्दा. बाजारातल्या ठळक सिस्टीमचं कॅलेंडर असं आहे.

• विंडोज सर्व्हर: प्रत्येक आवृत्तीला साधारण १० वर्षं. पहिली ५ वर्षं पूर्ण सपोर्ट, पुढची ५ वर्षं फक्त सुरक्षेचे अपडेट. २०१२ ची आवृत्ती १० ऑक्टोबर २०२३ ला संपली. २०१६ ची १२ जानेवारी २०२७ ला, २०१९ ची ९ जानेवारी २०२९ ला आणि २०२२ ची १४ ऑक्टोबर २०३१ ला संपते. २०२५ ची आवृत्ती २०३४ पर्यंत आहे.

• उबुंटू: दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एक 'एलटीएस' म्हणजे लाँग टर्म सपोर्टवाली आवृत्ती येते. तिला ५ वर्षं मोफत अपडेट. 'उबुंटू प्रो' जोडलं की एकूण १० वर्षं. हे प्रो वैयक्तिक आणि छोट्या व्यावसायिक वापरासाठी ५ मशीनपर्यंत मोफत आहे. २२.०४ ही आवृत्ती २०२७ पर्यंत, २४.०४ ही २०२९ पर्यंत. मधल्या काळात येणाऱ्या साध्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने सपोर्ट असतो. दुकानाच्या सर्व्हरवर त्या टाकूच नयेत.

• डेबियन: पूर्णपणे मोफत, मागे कुठली एक कंपनी नाही, जगभरचे स्वयंसेवक चालवतात. ३ वर्षं पूर्ण आणि पुढची २ वर्षं दीर्घ सपोर्ट, एकूण ५. जून २०२३ मध्ये आलेली आवृत्ती १२ ही जून २०२८ पर्यंत. आवृत्ती १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली.

• रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स: १० वर्षं, पण वार्षिक वर्गणी भरून. आवृत्ती ८ मे २०२९ पर्यंत, ९ मे २०३२ पर्यंत. याच धर्तीवर बनलेल्या अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या मोफत मिळतात आणि त्याही १० वर्षांचा शब्द देतात.

इथं एक गोष्ट नीट वाचा. सपोर्टची वर्षं सिस्टीम बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. 'दहा वर्षं सपोर्ट' ऐकून कुणी आज विंडोज सर्व्हर २०१९ घेतली, तर दहा वर्षं मिळणार नाहीत, ९ जानेवारी २०२९ पर्यंतचेच दिवस मिळतील. दुकानदार स्वस्तात जुनी आवृत्ती देतोय, तर का देतोय हे तारखेवरून कळतं.

साधी विंडोज टाकून सर्व्हर चालवला तर?

तालुक्याच्या गावात सर्रास हेच होतं. चांगला डेस्कटॉप घ्यायचा, त्यावर विंडोज प्रो टाकायची आणि फोल्डर शेअर करायचं. तीन-चार कॉम्प्युटरच्या दुकानाला हे चालून जातं. पण मर्यादा माहीत हव्यात. एकाच वेळी २० पेक्षा जास्त मशीन अशा विंडोजला जोडता येत नाहीत. आणि सपोर्टची घडी इथंही आहेच.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्यावसायिक वापरासाठी वाढीव अपडेट विकत मिळतात, पहिल्या वर्षी एका मशीनमागे ६१ डॉलर. हा दर पुढच्या प्रत्येक वर्षी दुप्पट होतो आणि जास्तीत जास्त ३ वर्षंच ही सोय आहे. म्हणजे जुनं ओढत नेणं दरवर्षी महागच पडत जातं.

राहिला क्रॅक केलेल्या कॉपीचा प्रश्न. "सगळेच तीच टाकतात" हे खरं असेलही. पण कुलूप तोडण्याचं ते क्रॅक कुणी बनवलं आणि त्यात अजून काय भरलंय, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. ज्या मशीनवर वर्षभराचा व्यवहार आहे, तिच्यावर हा जुगार खेळण्यात अर्थ नाही.

मोफत सिस्टीमचा शब्द किती पक्का?

इथं सेंटओएसची गोष्ट माहीत असायला हवी.

सेंटओएस म्हणजे रेड हॅटसारखीच, पण मोफत सिस्टीम. जगभरच्या होस्टिंग कंपन्या आणि छोटे धंदे तिच्यावर चालायचे. सप्टेंबर २०१९ मध्ये सेंटओएस ८ आली, तेव्हा ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असं धरून लोकांनी आपले सर्व्हर तिच्यावर नेले. आणि ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की सेंटओएस ८ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. सात वर्षांहून जास्त काळ एका घोषणेत वजा झाला.

गंमत म्हणजे जुनी सेंटओएस ७ नव्या आठपेक्षा जास्त जगली. ती ३० जून २०२४ पर्यंत चालली. पोकळी भरायला अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स २०२१ मध्ये उभ्या राहिल्या. रॉकी सुरू करणारे ग्रेगरी कर्टझर हे सेंटओएसच्याच संस्थापकांपैकी एक.

मग मोफत सिस्टीम घ्यायचीच नाही का? तसं नाही. यातून घ्यायचा धडा असा की सपोर्टची तारीख हा शब्द असतो आणि शब्द फिरू शकतो. म्हणून आपला डेटा अशा रूपात ठेवायचा की गरज पडली तर तो उचलून दुसरीकडे नेता येईल. सेंटओएसवाले तुलनेनं सुटले, कारण अल्मा आणि रॉकी तिच्यासारख्याच होत्या. ज्या सिस्टीमला पर्यायच नाही, तिच्यात अडकलेला माणूस असा सुटत नाही.

किती वर्षांचा सपोर्ट पुरेसा?

याचं उत्तर तुमच्या हिशोबाच्या वह्या देतात.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. उदाहरण घ्या. एप्रिल २०२४ मध्ये फाडलेलं बिल २०२४-२५ या वर्षात येतं. त्याच्या विवरणपत्राची मूळ अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२५. तिथून ७२ महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०३१. एका बिलाला साडेसात वर्षांहून जास्त सांभाळायचंय. धंदा खासगी मर्यादित कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर कंपनी कायद्यानं हिशोब ८ वर्षं ठेवावे लागतात.

देगलूरला यात आणखी एक पदर आहे. गावाच्या एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक आणि नांदेडहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ गावावरून जातो. इथल्या होलसेलरचं गिऱ्हाईक उदगीरलाही असतं आणि सीमेपलीकडे मदनूरलाही. उदगीरचा माल राज्यातल्या राज्यात जातो, तिथं ई-वे बिलाची मर्यादा महाराष्ट्रात १ लाख रुपये आहे. मदनूरचा माल परराज्यात जातो, तिथं ती ५० हजार. कराचा प्रकारही बदलतो. सर्व्हर बंद पडला की हे सगळं पुन्हा हाताने जुळवत बसावं लागतं आणि गाडी भरून उभी राहते.

तेव्हा हिशोब सरळ आहे. चांगली मशीन ५ ते ७ वर्षं वापरली जाते. सिस्टीमचा सपोर्ट किमान तेवढा उरलेला हवा. आणि मशीन बदलली तरी जुना डेटा ८ वर्षं उघडता यायला हवा.

मग कुणी काय घ्यावं?

सगळ्यांना एकच उत्तर लागू होत नाही. सुरुवात सिस्टीमपासून न करता आपल्या कामाच्या सॉफ्टवेअरपासून करायची.

टॅलीवर दुकान चालत असेल, तर निर्णय जवळपास झालेला आहे. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. तीन-चार मशीन असतील तर सपोर्ट चालू असलेली विंडोज प्रो पुरते. माणसं वाढली तर विंडोज सर्व्हर. पण तिथं एक छुपा खर्च असतो. सर्व्हरच्या लायसन्सशिवाय जोडणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे वेगळं लायसन्स लागतं. छोट्या धंद्यासाठी असलेल्या 'एसेन्शियल्स' आवृत्तीत २५ माणसांपर्यंत हे वेगळं घ्यावं लागत नाही. कोटेशन घेताना हा प्रश्न आवर्जून विचारा.

स्वतःची वेबसाइट, ऑनलाइन ऑर्डर किंवा ब्राउझरमध्ये चालणारं बिलिंग असेल, तर उबुंटू एलटीएस किंवा डेबियन उत्तम. लायसन्सचा खर्च नाही आणि उबुंटू सर्व्हर सुरक्षेचे अपडेट आपोआप टाकून घेते.

हॉस्पिटल, पतसंस्था किंवा शाळा असेल आणि सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीनं विशिष्ट सिस्टीमचीच हमी दिली असेल, तर तीच घ्या. पण करारात लिहून घ्या की त्या सिस्टीमचा सपोर्ट संपण्याआधी नवीन आवृत्तीवर नेण्याची जबाबदारी कंपनीची.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, बिघडलं तर येणार कोण? नांदेड इथून साधारण ८० किलोमीटर. लिनक्स मोफत असली तरी ती जाणणारा माणूस गावात नसेल, तर पहिल्याच अडचणीत ती महागात पडते. जो माणूस वेळेला येईल, त्याला जे नीट येतं ते घेणं हाही शहाणपणाचाच निर्णय आहे.

क्लाउडवर टाकलं तर सुटका?

अर्धी. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या जागेतली भाड्याची मशीन. ती फार लांब नसते. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत आपली डेटा केंद्रं सुरू केली. लाइट, हार्ड डिस्क, कूलिंग याची काळजी त्यांची. पण भाड्यानं घेतलेल्या मशीनवर उबुंटू २०.०४ असेल, तर तिचा साधा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, हे बघायचं काम तुमचंच.

सगळंच दुसऱ्यावर सोपवलं तरी धोका शून्य होत नाही. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला. तेव्हा देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडले. त्यांतल्या बहुतेक सहकारी आणि ग्रामीण. चूक एका ठिकाणी आणि रांग तीनशे ठिकाणी.

शिवाय फायबर तुटली की क्लाउडवरचं बिलिंगही थांबतं. त्यासाठी मोबाइल इंटरनेटची पर्यायी सोय हवी.

फक्त सिस्टीम नवी असून भागत नाही

सिस्टीमच्या वर डेटाबेस असतो, त्याचीही शेवटची तारीख असते. मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला ५ वर्षं मिळतात. सिस्टीम २०३१ पर्यंतची आणि डेटाबेस आधीच संपलेला, असं झालं तर भिंत नवी आणि दार सडकं.

नांदेडच्या सीएला तिथूनच हिशोब दिसावा म्हणून बरेच जण रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडं ठेवतात. खंडणीखोरांची ही आवडती वाट आहे. रिमोट लागत असेल तर व्हीपीएनमधूनच द्या.

बॅकअपचा नियम सोपा. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर. रोज रात्री पेनड्राइव्ह लावून सकाळपर्यंत तसाच ठेवला, तर व्हायरस त्यालाही कुलूप लावतो. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नसतोच.

युपीएस तर हवाच. लाइट झपकन गेली की डेटाबेस मधेच तुटतो, हे मराठवाड्यात कुणाला वेगळं सांगायला नको.

हल्ला झालाच तर सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ६ तासांच्या आत तिला कळवावं लागतं. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन.

घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. या सिस्टीमची नेमकी आवृत्ती कोणती आणि तिचा सपोर्ट कोणत्या तारखेला संपतो?
२. माझं बिलिंगचं सॉफ्टवेअर या आवृत्तीवर चालतं, हे सॉफ्टवेअर कंपनी लेखी देते का?
३. लायसन्स, वर्गणी आणि वाढीव सपोर्ट धरून ५ वर्षांचा एकूण खर्च किती?
४. अपडेट कोण मारणार, कधी मारणार आणि बिघडलं तर किती वेळात येणार?
५. उद्या ही सिस्टीम सोडायची ठरवली, तर माझा डेटा कोणत्या रूपात बाहेर निघेल?

उत्तरं मिळाली की एक छोटं काम करा. एका चिठ्ठीवर सिस्टीमचं नाव आणि सपोर्ट संपण्याची तारीख लिहून ती मशीनवर चिकटवा. त्या तारखेच्या एक वर्ष आधी मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा. म्हणजे बदलाची तयारी दिवाळीनंतरच्या निवांत महिन्यात होईल, सोयाबीनच्या गर्दीत नाही.

कारण सर्व्हर बदलायचा दिवस दोघांपैकी एक जण ठरवतो. मालक, नाहीतर तो लाल पडदा.